पालिकेत घरांचा विषय निघाला तर कुठे जायचं आणि काय न्यायचं: गोव्यातल्या नवख्यांसाठी

पालिकेच्या बैठकीला पहिल्यांदा गेले तेव्हा मी चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले होते. वाटलं, शहराच्या पुढच्या वीस वर्षांवर चर्चा आहे, आपणही दोन शब्द बोलू. सकाळी अकराला जाऊन बसले. आमचा विषय चौदावा. आधी कचऱ्याच्या गाड्या, मग बाजारातले सोपो म्हणजे विक्रेत्यांकडून घ्यायची जागेची फी, मग बंद पडलेले दिवे. अडीच वाजता एकदाचा आराखड्याचा विषय निघाला. मी उठून बोलायला लागले तर सांगितलं गेलं की इथे फक्त नगरसेवक बोलतात, तुम्ही बसा. सहा मिनिटांत विषय संपला. बाहेर कारकुनाला कागद दाखवला तर तो शांतपणे म्हणाला, “बाये, हें हांगा थारना. थंय वच.” म्हणजे, बाई, हे इथे ठरत नाही, तिथे जा.

हे ‘थंय’ म्हणजे नेमकं कुठे, ते कळायला मला आठ महिने लागले. तोवर हरकत घ्यायची मुदत टळून गेली होती. त्या पालिकेचं नाव मी घेत नाही. घरपट्टी अजून तिथेच भरायची आहे.

नोकरीनिमित्त सिंधुदुर्गातून, बेळगावातून किंवा सत्तरीतून शहरात आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. ज्यांनी भाड्याने खोली घेतली आहे किंवा कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे, आणि एक दिवस ज्यांच्या मागच्या शेताच्या कडेला जेसीबी दिसतो, त्यांच्यासाठी. भाडेकरूंनी ‘आपला काय संबंध’ म्हणू नये. आराखड्यावर सूचना किंवा हरकत द्यायला जमीनमालक असावं लागत नाही.

## १. आधी टेबल ओळखा

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत १३ नगरपालिका आहेत आणि पणजीची एक महानगरपालिका. नगरपालिका १९६८ च्या कायद्यावर चालतात. पणजीला २००२ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे ३० प्रभाग आहेत. ही मंडळं कचरा, गटारं, बाजार, दिवे, घरपट्टी बघतात आणि बांधकाम परवाना देतात. पण कुठल्या जागेवर घरं येतील, कुठे दुकानं, कुठे शेत शेतच राहील, हे ठरवणारा आराखडा पालिका बनवत नाही. ते काम १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होतं आणि ते करणारी माणसं दुसऱ्याच इमारतीत बसतात.

तिथेही दोन वाटा आहेत. ज्या शहरांसाठी नियोजन क्षेत्र जाहीर झालेलं आहे, तिथे नियोजन आणि विकास प्राधिकरण असतं. त्याला सगळे ‘पीडीए’ म्हणतात आणि ते जो आराखडा करतं त्याला ‘ओडीपी’. मडगाव आणि फोंडा दक्षिण गोवा पीडीएकडे, वास्को मुरगाव पीडीएकडे, म्हापसा उत्तर गोवा पीडीएकडे. पणजी परिसरासाठी २०१८ मध्ये ग्रेटर पणजी नावाचं वेगळं प्राधिकरण काढलं. हद्दी बदलत राहतात, म्हणून आपला वॉर्ड आज कुणाकडे आहे हे विचारूनच घ्या. बाकी सगळ्या गोव्यात, म्हणजे बहुतेक गावांत आणि छोट्या पालिकांत, थेट नगरनियोजन खातं, ज्याला लोक ‘टीसीपी’ म्हणतात, आणि प्रादेशिक आराखडा २०२१.

घराशी संबंधित बाकीची टेबलंही सांगून टाकते. मी प्रत्येक ठिकाणी एकेक फेरी मारली आहे.

- बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी म्हणजे राहायला जायचा दाखला, घरपट्टी: पालिका किंवा पंचायत. पण परवान्याआधी पीडीएची किंवा टीसीपीची परवानगी लागते.
- शेतजमीन किंवा बागायत बिगरशेती करण्याची सनद: जिल्हाधिकारी कार्यालय.
- मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, घर नोंदवणं, विकत घेणं: मामलेदार. १९७५ च्या कायद्याखालचा हा विषय आहे. नगरसेवक फक्त सोबत येऊ शकतो.
- कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या मालकीची, जमीन: कोमुनिदादीचा स्वतःचा कायदा, स्वतःचं कार्यालय.
- समुद्र, खाडी, नदीकाठ: सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. तिथलं टेबल किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाचं.
- सरकारी वसाहतीतला प्लॉट किंवा फ्लॅट: गृहनिर्माण मंडळ. पर्वरीची आणि मडगावात गोगळची वसाहत बहुतेकांना माहीत असते.

मग पालिकेत चर्चा होते ती कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही चिडून विचारलं होतं. पालिका मंडळ ठराव घेतं आणि पीडीएला किंवा सरकारला पाठवतं. ती शिफारस असते. पण पीडीएवर स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी बसतात, आणि पालिकेने लेखी विरोध केला असेल तर तो फाइलला चिकटून राहतो. म्हणून पालिकेतली चर्चा सोडायची नाही, फक्त तिच्याकडून जितकी अपेक्षा तितकीच ठेवायची.

## २. तुमच्या जागेचा नंबर काढा

‘आमच्या घरामागची शेती’ असं लिहून काही होत नाही. मी तसंच लिहिलं होतं. कार्यालयाला नंबर कळतो.

पंचायत हद्दीत सर्वे नंबर आणि उपविभाग लागतो आणि तो एक-चौदाच्या (फॉर्म १ व १४) जमिनीच्या उताऱ्यावर असतो. शहरात मात्र सिटी सर्वे झालेला असेल तर ‘चलता नंबर’ आणि ‘पी. टी. शीट नंबर’ असे दोन नंबर चालतात आणि उतारा एक-चौदाऐवजी फॉर्म डीचा मिळतो. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण बिल्डरच्या जुन्या कागदावर सर्वे नंबर असतो आणि नकाशावर चलता नंबर. दोन्ही लिहा.

भूमापन आणि भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर उतारे मिळतात आणि ‘भूनकाशा’वर जागेचा आकार दिसतो. मग तोच तुकडा आराखड्याच्या नकाशावर शोधायचा. टीसीपीच्या संकेतस्थळावर गावनिहाय नकाशे आहेत. मोबाइलवर बघत बसू नका, डोळे फुटतील. छपाईच्या दुकानात मोठ्या कागदावर काढून घ्या आणि आधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचा.

प्रादेशिक आराखड्यात शेतं आणि खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं, ‘इको-१’ मध्ये येतात. जंगल, खारफुटी, पाणवठे हेही त्यातच. बागायत, मिठागरं आणि बांधकामाला बंद असलेले उतार ‘इको-२’ मध्ये. वस्तीसाठी ‘सेटलमेंट’. तुमच्या शेजारच्या शेताचा रंग इको-१ मधून सेटलमेंटकडे सरकला की समजा की तिथे इमारत येणार आहे, मग आज तिथे बगळे बसलेले असोत.

## ३. नोटीस कुठे येते

मी चुकले ती इथे. रोज कामावरून येताना पालिकेचा सूचनाफलक वाचायची. नोटीस मात्र सरकारी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात आली होती. राजपत्राचे नेहमीचे अंक गुरुवारी निघतात. असाधारण अंक मात्र कुठल्याही दिवशी निघतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशीसुद्धा.

आमच्या इमारतीत आता वाटणी झाली आहे. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या जाहीर सूचना वाचतात, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी दर गुरुवारी संध्याकाळी राजपत्र उघडते, आणि मी मुदतीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनने लिहिते. एकट्याने हे होत नाही, दोन आठवड्यांत कंटाळा येतो.

नोटीस मिळाली की तीन गोष्टी बघा: कुठल्या कलमाखाली आहे, किती दिवसांची मुदत आहे, आणि हरकत कुणाच्या नावाने द्यायची आहे.

कलमांबद्दल थोडं सांगते, कारण आकडे ऐकून घाबरायला होतं. सगळ्या शहराचा किंवा तालुक्याचा आराखडा बदलणं ही एक गोष्ट. एका मालकाच्या एका तुकड्याचा झोन बदलणं ही दुसरी. दुसरीसाठी कायद्यात एकामागून एक दारं उघडली गेली. २०१८ मध्ये १६ ब आलं, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९ अ. १७(२) चे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी रद्द केले. ३९ अ वरूनही कोर्टकज्जे आणि आंदोलनं झाली. त्या कलमाखाली हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत ठेवली होती. तुमच्या वेळी कुठलं कलम चालू असेल ते नोटिशीवरच छापलेलं असतं. तेवढं वाचता आलं तरी पुरे, वकिली करायची नाही.

पण तुकड्यातुकड्याने झालेले बदल पालिकेच्या चर्चेत बहुतेक वेळा येतच नाहीत. सभागृहात ‘२०४० चं शहर’ चालू असतं आणि राजपत्रात चारशे मीटरचा एक, हजार मीटरचा एक असे तुकडे रंग बदलत असतात. दोन्हीकडे लक्ष हवं.

## ४. घरांची गरज स्वतः मोजा

आराखड्याची कुठलीही चर्चा ‘लोकांना घरं हवीत’ या वाक्याने सुरू होते. वाक्य खरं आहे. मी स्वतः सहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली आहेत, दर अकरा महिन्यांनी छातीत धडधड घेऊन. प्रश्न एवढाच, की कुणाला आणि कसली घरं.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले ६२ टक्के लोक शहरी भागात राहत होते. त्याच जनगणनेत राज्यातल्या साधारण पाचांतलं एक घर रिकामं होतं. एकीकडे दिवाळीला महिनाभर येणाऱ्या मालकाची बंद खिडकी, दुसरीकडे डिचोलीहून रोज कदंबाची सरकारी बस पकडून पणजीला येणारी नर्स, कारण पणजीत खोली परवडत नाही. शंभर फ्लॅट बांधले म्हणजे शंभर गरजू कुटुंबांना घरं मिळाली असं होत नाही.

म्हणून मी एक साधा उद्योग केला, तुम्हीही करा. पावसाळा संपल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी साडेसातला आपल्या गल्लीतून फिरा आणि पेटलेल्या खिडक्या मोजा. सण नको, शनिवार-रविवार नको. तीन आठवडे सलग मोजा. आमच्या गल्लीतल्या तीन इमारतींत मिळून ४४ फ्लॅट. तीनही बुधवारी अंधारात असलेले १७. काहींत फक्त सुटीला पाहुणे उतरतात, तेही चाकांच्या बॅगा घेऊन.

हा काही शास्त्रीय अभ्यास नाही. पण नगरसेवकासमोर कागद ठेवून ‘वॉर्डात आधीच इतके फ्लॅट बंद आहेत’ म्हटलं की तो खुर्चीत सरळ बसतो. ‘गोवा वाचवा’ म्हटल्यावर बसत नाही.

याच कागदावर दुसरी बाजूही लिहा, नाहीतर तुम्हाला ‘विकासविरोधी’ म्हणून बाजूला सारतील आणि ते चूकही नसेल. तुमच्या वॉर्डात भाड्याने कोण राहतं? बाजारातले कामगार एका खोलीत कितीजण झोपतात? मुलं वेगळी झाली तर त्यांना गावात घर मिळेल का? आम्ही लिहिलं होतं की मार्केटच्या मागच्या पडीक सरकारी जागेवर भाड्याची छोटी घरं हवीत आणि शेतात मात्र नकोत. विरोध आणि मागणी एकाच पानावर असली की तुमचं म्हणणं गंभीरपणे घेतलं जातं.

आणि पाणी विसरू नका. फोंडा आणि तिसवाडीला ओपाचं पाणी, सासष्टीला साळावलीचं, बार्देशला तिळारीचं पाणी अस्नोड्याहून. नवीन वस्तीचं पाणी यातल्या कुठल्या योजनेतून येणार आणि आज एप्रिल-मे महिन्यात तुमच्या नळाला किती वेळ पाणी असतं, हे विचारा. सांडपाणी कुठे जाणार? कचरा कुठे? मडगावकरांना सोनसड्याचा डोंगर डोळ्यांसमोर आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

## ५. नगरसेवकाला बैठकीआधी गाठा

बैठकीत तुम्ही बोलू शकत नाही, तो बोलू शकतो. विषयपत्रिका निघाली की दोन दिवस असतात, कधी तेवढेही नसतात. त्याच्या घरी जायला लाजू नका, सकाळी आठच्या आत भेटतो. पाच-सहाजण जा, पन्नास नको. पन्नास माणसं दिसली की तो भाषण करतो, पाच दिसली की ऐकतो.

एका पानापेक्षा जास्त देऊ नका आणि त्याला नेमकं एक काम सांगा: अमुक चलता नंबरांच्या झोनबदलाला पालिकेचा विरोध असल्याचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. ‘लक्ष घाला’ हे काम नव्हे.

पंचायतीत राहत असाल तर तुमचं नशीब जास्त चांगलं. ग्रामसभेत तुम्ही स्वतः बोलू शकता, मात्र त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव हवं. भाडेकरूंनी नाव हलवून घ्यावं, हे काम लोक वर्षानुवर्षं टाळतात. ग्रामसभा रविवारी असते. प्रश्न किंवा ठराव काही दिवस आधी लेखी देऊन पोच घ्या. ऐनवेळी उठून बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि आरडाओरडा झाला तर सभाच तहकूब होते.

## ६. बैठकीला जा, ऐकायला

इस्त्रीची साडी नको. पाण्याची बाटली, खायला काहीतरी आणि वही न्या. आधी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात सांगून ठेवलं तर बसायला जागा मिळते.

कोण काय बोललं यापेक्षा काय ठरलं ते लिहा. ‘विषय पुढे ढकलला’, ‘समितीकडे दिला’ आणि ‘ठराव मंजूर’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिन्हींची बातमी सारखीच वाटते. ठराव झाला असेल तर त्याचा क्रमांक मिळवा. पुढे प्रत्येक पत्रात तो लागतो.

## ७. हरकत लिहा

भाषेची काळजी करू नका. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी सरकारी कामासाठी मराठीचा वापर मान्य आहे. मी मराठीतच लिहिते. फक्त सर्वे नंबर, चलता नंबर, झोनची नावं इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण नकाशा त्या अक्षरांत आहे आणि टेबलावरच्या माणसाला तो शोधायचा कंटाळा असतो.

आमच्या दुसऱ्या खेपेच्या पत्राचा सांगाडा असा होता:

“विषय: अमुक तारखेच्या राजपत्रातील अमुक क्रमांकाच्या सूचनेवर हरकत.
मौजे अमुक, सर्वे नंबर अमुक, चलता नंबर अमुक, पी. टी. शीट अमुक.
१) ही जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये भातशेती म्हणून दाखवली आहे. नकाशाची प्रत जोडली आहे.
२) पावसाळ्यात आजूबाजूच्या तीन इमारतींचं पाणी या शेतात उतरतं. जुलैमधले तारखेसह फोटो जोडले आहेत.
३) प्रवेशाचा रस्ता अमुक मीटर रुंद आहे. मोजमापाचा फोटो जोडला आहे.
४) घरांच्या गरजेसाठी पर्यायी जागा म्हणून अमुक जागेचा विचार व्हावा.
५) प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.”

बस्स. ‘निसर्गाचा ऱ्हास’, ‘पुढच्या पिढ्या’ हे सगळं मी पहिल्या पत्रात दोन पानं लिहिलं होतं. त्यातल्या एका वाक्याचंही उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं. रस्ता साडेतीन मीटरचा आहे म्हटल्यावर मात्र कुणीतरी येऊन तो मोजावा लागतो.

सोबत काय हवं:

- राजपत्रातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या सूचनेची प्रत
- एक-चौदा किंवा फॉर्म डी, आणि सर्वे प्लॅन
- आराखड्याच्या नकाशाचा तो भाग, जागा लाल पेनने घेरलेली
- तारखेसह फोटो, शक्यतो भर पावसातले
- पालिकेच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, असल्यास
- सह्या करणाऱ्यांचे पत्ते, आणि राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा भाडेकरार

एक पत्र आणि दोनशे सह्या देण्यापेक्षा वीस घरांनी वीस वेगळी पत्रं दिलेली बरी. पण एकाच मजकुराच्या वीस झेरॉक्स नकोत, प्रत्येकाने स्वतःची अडचण एका ओळीत तरी लिहावी. आमच्या समोरच्या आजींनी लिहिलं, ‘माझ्या विहिरीला या शेतामुळे मेपर्यंत पाणी असतं.’ सुनावणीत सगळ्यात जास्त वेळ त्या ओळीवर गेला.

पत्र हाती द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘ठेवून जा, मागाहून शिक्का मारतो’ असं कुणी म्हटलं तर तिथेच बाकावर बसा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका. माझी पहिली हरकत दोन दिवसांनी हुकली, आणि आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांची हुकली ती शेवटच्या दिवशी दुपारी, पुलावर ट्रॅफिकमध्ये.

## ८. सुनावणी

बोलावलं तर पाचेक मिनिटं मिळतात. मोठा नकाशा न्या आणि टेबलावर पसरा. माणसं नकाशावर वाकली की तुमचं म्हणणं आपोआप लांबतं. एकच माणूस बोलेल असं आधी ठरवा. जमीनमालक किंवा त्याचा वकीलही तिथे असू शकतो. त्याच्याशी भांडू नका. भाटकार, म्हणजे जमीनमालक, गावातलाच असतो, उद्या तोच देवळात शेजारी उभा असतो. शिवाय त्यालाही कारणं असतात: शेत पडीक आहे, कसायला माणूस नाही, वाटण्या झाल्यात. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, म्हणून त्याचीही कोंडी आहेच. ते ऐकून घ्या, पण हरकत मागे घेऊ नका.

याने काही होतं का, असं विचारणारे भेटतील. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोक रस्त्यावर आल्यावर जानेवारी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, आणि त्यानंतरच्या आराखड्याचा मसुदा गावागावांत सूचनांसाठी पाठवला गेला. अर्थात तोही २०१२ मध्ये थंड्या बस्त्यात गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा बाहेर आला. म्हणजे मिळवलेलं टिकवायलाही माणसं लागतात. आमचं म्हणाल तर अर्धं ऐकलं. नाल्याकडचा भाग शेत राहिला, रस्त्याकडचा गेला.

## ९. पाठपुरावा

दोन महिने काही कळलं नाही की माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझ्या हरकतीचं काय झालं’ असं विचारू नका, त्याला ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच उत्तर येतं. कागद मागा: सुनावणीचं इतिवृत्त, स्थळपाहणीचा अहवाल, आलेल्या हरकतींची यादी, आणि त्यावरच्या निर्णयाची टिपणी. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही.

मधल्या काळात जागेवर काम सुरू झालं तर आधी फलक बघा. मोठ्या प्रकल्पाच्या फलकावर परवान्याचे आणि रेराचे क्रमांक असतात. फोटो काढा आणि पालिकेत परवान्याची, पीडीएत किंवा टीसीपीत विकास परवानगीची आणि जिल्हाधिकारी कार्यालयात सनदेची प्रत मागा. तिन्हींपैकी एक नसेल तर तक्रार त्या एकाच कार्यालयात करा, सगळीकडे नको. सगळीकडे केली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तुम्ही पुन्हा त्या पहिल्या कारकुनापाशी येता.

हे सगळे कागद प्लास्टिकच्या एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. कपाटात वरच्या फळीवर ठेवा, खालची पावसाळ्यात ओलावते. आमच्या फाइलीतली सुरुवातीची सहा पानं बुरशीने गेली आणि नेमकी ती जुन्या नकाशाची होती.